आठ नंबरचं घड्याळ

मूलहून सावली गावाकडे येणारी काळी-पिवळी जीप भरली, असं तिचा ड्रायव्हर कधीच म्हणत नाही. माणसाचा एक पाय आत मावला की त्याच्या मते जागा असतेच. त्या सकाळी आमच्या गावच्या फाट्यावर मी तिच्यात शिरले, तेव्हा माझ्या हातात स्टीलचा डबा होता, डब्यात पाणी होतं आणि पाण्यात दोन जिवंत मागूर मासे होते. बाबांनी आमच्या केंद्रातल्या गिरजाबाईसाठी तळ्यातून काढून दिलेले.

शेजारी एक माणूस बसला होता. मांडीवर काळी बॅग, बॅगेवर दोन्ही हात, नजर बाहेर धानाच्या बांध्यांवर. गाडीत बाकी सगळे एकमेकांवर रेलून ओरडत होते आणि हा असा शांत बसलेला, जणू गाडीत एकटाच आहे. मला अशा शांत माणसांचा रागच येतो. मी स्वतः घडीभर गप्प बसू शकत नाही, म्हणून असेल.

म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. डब्याचं झाकण उडालं, अर्धं पाणी त्या काळ्या बॅगेवर आणि एक मागूर थेट त्याच्या पायांत.

“अहो, बॅगेत सीडी आहेत माझ्या!”

“माझ्या डब्यात मागूर आहेत. सीडी भिजल्या तर मरतात का?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही, हेच जास्त चिडवणारं. तो सरळ खाली वाकला आणि मासा उचलायला हात घातला.

“हात नका लावू! काटा मारते ते—”

उशीर झाला होता. तो ओरडला नाही. डोळ्यांत टचकन पाणी आलं फक्त. त्यानं मासा नीट माझ्या डब्यात सोडला आणि म्हणाला, “मारला.”

मला हसू फुटलं. मग लाज वाटली. मागूरचा काटा काय असतो, ते ढिवराच्या, मासेमाराच्या घरात जन्मलेल्या मुलीला कुणी सांगायला नको. मी ओढणीचं टोक घेतलं आणि त्याचं बोट मुठीत घट्ट दाबून धरलं. सावली येईपर्यंत ते तसंच माझ्या मुठीत होतं... आणि गाडीतल्या सगळ्या बाया बोलणं थांबवून आमच्याकडे बघत होत्या. त्याच्या बोटातली ठसठस मला कळत होती.

स्टँडवर उतरून मी तरातरा निघाले. मागे वळून पाहते, तर हा माझ्याच मागे.

“माझ्या मागं काऊन येऊन राह्यले?”

“मुलींचं संगणक केंद्र इकडंच आहे ना?” त्यानं सुजलेलं बोट उचलून समोरचा रस्ता दाखवला. “तिथी कोणी आचल मॅडम आहेत. त्यांनी चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात फोनवर भल्लं भांडण केलं म्हणते. म्हणून मले पाठवलं.”

मी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हटलं, “चला. थोडं भांडण अजून राह्यलं आहे.”

तर असा हेमराज आमच्या केंद्रात आला. ही २००८ सालच्या पावसाळ्याच्या शेवटाची गोष्ट.

आमचं केंद्र म्हणजे धानाच्या गोदामामागच्या दोन खोल्या आणि आठ कॉम्प्युटर. एका संस्थेनं गावोगावच्या मुलींसाठी काढलेलं. मुली नवख्या, काहीही दाबायच्या, काहीही पुसायच्या. म्हणून हेमराजच्या कंपनीनं आधीच एक युक्ती करून दिली होती. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक कॉम्प्युटर, नुसता दिसण्यापुरता, एका चौकटीत चालणारा. मुलींनी त्याच्यात काय हवा तो गोंधळ घालावा, खऱ्या मशीनला धक्का नाही. त्या आतल्या कॉम्प्युटरला पाहुणा म्हणायचं आणि बाहेरच्याला यजमान.

युक्ती छान होती. पण आमचा पाहुणा बिघडला होता. माउसचा बाण एकदा त्याच्या चौकटीत गेला की बाहेरच येईना. मुली रडकुंडीला आल्या होत्या आणि मी फोनवर भांडले होते ते यासाठीच.

हेमराज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. “दोन बोटं द्या.”

“का?”

“कंट्रोलवर एक, ऑल्टवर एक. एकदम दाबा.”

मी दाबली. बाण सुटला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

“झालं?” मी म्हटलं. “एवढ्यासाठी चंद्रपूरहून आले?”

“हा फक्त सुटायचा रस्ता झाला. इलाज वेगळा आहे.” त्यानं बॅगेतून सीडी काढली, शर्टाला पुसली. “असं समजा, तुमच्या घरी सिरोंच्याचा पाहुणा आला. त्याले फक्त तेलुगू येते. तो काही बोलते, तुम्ही काही समजता. मंग का करता?”

“मधे एखादा दोन्ही भाषावाला बसवतो.”

“बस. तोच हा. याले टूल्स म्हणतात. पाहुण्यामधे टाकायचे असतात. ते टाकले का बाण मोकळा फिरते, पडदा पूर्ण दिसते, आणि...” त्यानं चौकटीच्या कोपऱ्यातलं बारीक घड्याळ दाखवलं, “पाहुण्याची वेळ घरच्या वेळेशी जुळते.”

ते घड्याळ सकाळची वेळ दाखवत होतं आणि बाहेर चांगली दुपार झाली होती.

“असं काऊन?”

“लाइट जाते तेव्हा तुम्ही याले झोपवता ना?”

झोपवावंच लागायचं. त्या काळी भारनियमन म्हणजे रोजचं जेवण होतं. लाइट गेली की यूपीएस टूं टूं करायला लागायचा आणि तो मरायच्या आत आठही पाहुणे होते त्या स्थितीत झोपवायचे. लाइट आली की उठवायचे. अर्धं वाक्य टाइप केलेलं असेल तर ते तसंच अर्धं.

“मधे किती वेळ गेला, ते याले माहीत नाई,” हेमराज म्हणाला. “याले वाटते, आताच डोळा लागला. टूल्स नसले का कोणी सांगणारंच नाई त्याले.”

“बरं आहे मंग त्याचं. वाट पाहावी लागत नाई.”

त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. “वाट पाहणं का वाईट असते?”

“मले तर एक मिनिट जमत नाई. बाबा मले जाळ्यापाशी बसवत नाईत, मासे पळतात म्हणते.”

तो हसला. तो जंगलाकाठच्या मोहर्लीचा. त्याचे वडील जिप्सी चालवायचे, लोकांना वाघ दाखवायचे. लहानपणी तोही त्यांच्यासोबत पाणवठ्यावर बसायचा... तासन् तास, न हलता. “कधी येते, कधी नाई येत. पण आपण उठून गेलो आणि मागून आला, हे लय वाईट वाटते. म्हणून मी उठत नाई.”

हे सगळं तो टूल्स टाकता टाकता, स्क्रीनकडे बघत बोलत होता. त्याचं बोट अजून लाल होतं आणि ते सोडून बाकीच्या बोटांनी तो टाइप करत होता. मला का कुणास ठाऊक, त्या बोटावर फुंकर घालावीशी वाटली.

इलाज झाला, तरी कायमचा नव्हता. आतला पाहुणा इंटरनेटवरून स्वतःला नवा करून घ्यायचा आणि तो नवा झाला की त्याच्यातले टूल्स जुने पडायचे. पुन्हा बाण अडकायचा. पुन्हा घड्याळ मागे. पुन्हा मी फोन करायची आणि पुन्हा हेमराज यायचा. मुली त्याला ‘टूल्सवाले सर’ म्हणायला लागल्या.

पहिल्या वेळी मी चिडून फोन केला होता. दुसऱ्या वेळी जरा कमी. तिसऱ्या वेळी मशीन सुरू केली, बाण अडकला, आणि मला इतका आनंद झाला की मीच दचकले.

“आचलबाई,” गिरजाबाई झाडू थांबवून म्हणाली, “मशीन बिघडली का तुमचा हिरवा ड्रेस निघते बाप्पा पेटीतून.”

“काही नाही हं, धुवायला बाकीचे—”

“हो हो. धुवायलेच असन.”

धान कापणीला आलं, बांध्या पिवळ्या झाल्या, मग रिकाम्या झाल्या. थंडीत तो मोहर्लीची बोरं घेऊन आला, कागदात बांधून. मी त्याच्यासाठी डब्यात मासा तळून नेला. त्यानं झाकण अलगद, एका बोटानं उघडलं.

“मागूर आहे का?”

“तळलेला आहे. आता काटा नाई मारत.”

“तुमच्या गावचा आहे. सांगता येत नाई.”

मुली खिदळल्या. मी वरवर डोळे वटारले. लाइट गेली की मशीन बंद, पंखे बंद, मुली बाहेर कडुलिंबाखाली पळायच्या आणि खोलीत आम्ही दोघं उरायचो. तो मला पाहुण्याचं एकेक शिकवायचा, कागदावर चित्रं काढून. मी आठ नंबरच्या मशीनसमोर बसायची, तो शेजारी. ती आमची जागाच झाली. बोलणं सगळं मशीनचं. पण त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं की तो वाक्याच्या मध्येच थांबायचा... आणि मला पुढचं वाक्य ऐकायचं नसायचंच.

जानेवारीत एका दुपारी तो नव्हता. मी एकटीच आठ नंबरवर सेटिंग चाळत बसले होते. सगळी पानं त्यानं मला शिकवली होती. एकच पान तो दर वेळी भरभर उलटून जायचा, “हे का कामाचं नाई” म्हणत. मी ते उघडलं. त्यावर एक छोटा रिकामा चौकोन होता. पुढे इंग्रजीत लिहिलेलं की इथे खूण केली, तर पाहुणा सुरू होताना टूल्स आपोआप नवे होतील.

आपोआप... म्हणजे ही एक खूण केली असती, तर बाण कधी अडकला नसता, मी कधी फोन केला नसता आणि चंद्रपूरहून कुणाला यावं लागलं नसतं.

मला राग यायला हवा होता. माझ्या मुली तासन् तास खोळंबल्या होत्या! मी तो राग शोधूनही पाहिला. नव्हताच. होता तो नुसता आनंद, कानापर्यंत गरम करणारा. इतका शांत, इतका सरळ माणूस, आणि हे उद्योग! मी ते पान हळूच बंद केलं. चौकोन रिकामाच ठेवला. ठरवलं, तो स्वतः सांगेल तेव्हाच ऐकायचं.

मार्च आला. रस्त्याकडेच्या मोहाखाली फुलांचा सडा पडायला लागला, सावलीची हवा दुपारपर्यंत गोडसर वासानं जड व्हायची. अशा एका दिवशी, मी फोन केलेला नसताना, मशीन चांगली चालत असताना हेमराज दारात उभा राहिला.

“काही बिघडलं नाई,” मी म्हटलं. हसत म्हटलं, अजून आठवतं.

“माहीत आहे.”

तो एक नंबरच्या मशीनसमोर बसला. नवे टूल्स टाकले. मग सेटिंग उघडली, ते पान काढलं आणि त्या रिकाम्या चौकोनात खूण केली.

टिक्. एवढासा आवाज, पण मला पाठीत जाणवला. तो उठला आणि दोन नंबरवर बसला.

“आता पुन्हा बिघडणार नाई,” तो स्क्रीनशीच बोलला. “हैदराबादले नोकरी लागली मले. मोठी कंपनी आहे. वडिलांचे गुडघे गेले, जिप्सी चालवणं जमत नाई त्यांले. जावंच लागन.”

“अभिनंदन,” मी म्हटलं. कसला घाणेरडा शब्द तो.

तीन नंबर. चार. गिरजाबाई भिंतीला टेकून उभी होती, हातातला चहा थंड करत. एकेक खूण करत तो माझ्याकडून सुटत चालला होता, आणि हे तो माझ्या भल्यासाठी करत होता... याचंच मला सगळ्यात जास्त रडू येत होतं.

आठ नंबरवर तो बसला. जुने टूल्स काढले. नवी सीडी घालायला हात पुढे केला आणि मी माउसवर हात ठेवला. म्हणजे माउस धरलेल्या त्याच्या हातावर.

“हे राहू द्या.”

“बिघडलेलंच राहीन मंग.”

“राहू द्या.”

“मंग दुरुस्त कोण करन?”

हा प्रश्न त्यानं फार हळू विचारला. त्याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. साधं होतं. पण मनात आलं, म्हाताऱ्या बापाची काळजी घ्यायला निघालेल्या माणसाला मी कोण अडवणारी? आम्ही एकमेकांना काय म्हणालो होतो आजवर? बाण, पडदा, घड्याळ.

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला. सात पाहुणे मुलींनी झोपवले, आठवा त्यानं आपल्या हातानं. स्क्रीन काळा झाला. बॅग खांद्याला लावून तो दारात जाऊन थांबला. गेला नाही, थांबला. पाणवठ्यावर बसलेल्या माणसासारखा, न हलता.

“काही म्हणायचं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

लाइट आली, तेव्हा मी सात पाहुणे उठवले. आठव्याला हात लावला नाही. त्याच्यावर एक ओढणी टाकून दिली, तीच हिरव्या ड्रेसची.

“मॅडम, आठ नंबर?” मुली विचारायच्या.

“त्याचा पाहुणा झोपला आहे. उठवायचा नाही.”

झोपवलेला पाहुणा लाइट गेली तरी हरवत नाही, हे हेमराजनंच शिकवलं होतं. आहे तसा पडून राहतो. त्या काळ्या स्क्रीनच्या आत कुठेतरी मार्चमधली ती दुपार तशीच होती. बाण जिथे त्याच्या हातानं सोडला होता तिथेच होता. बाहेर उन्हाळा झाला, धानाच्या रोवण्या झाल्या, तळं भरलं. मला सगळ्याचा कंटाळा आला. मोहर्लीची बोरं बाजारात दिसली तरी मी मान फिरवायची. सात पाहुणे एकदाही बिघडले नाहीत, आणि त्याचा मला इतका संताप यायचा की एकदा मी मुलींसमोर त्यांना शिव्या दिल्या.

रविवारी त्याचा फोन यायचा. आमच्या गावात रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. मी संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहायची, बाबा खाली जाळं आवरत असायचे.

“बरे आहात?”

“हो. तुम्ही?”

“हो... आठ नंबर कसा आहे?”

“झोपला आहे.”

“उठवला नाई?”

“नाई.”

मग दोघंही गप्प. तिकडून हैदराबादच्या गाड्यांचा आवाज यायचा, इकडून बेडकांचा. ती शांतताच मला आठवडाभर पुरवावी लागायची. फोन ठेवल्यावर आधी काय बोलायला हवं होतं ते सुचायचं, लांबच्या लांब वाक्यं, आणि ती मी पाळीवरून घरापर्यंत स्वतःशीच बोलत जायची.

बाबा काही विचारत नसत. माझे बाबा, मुखरूभाऊ, बोलण्यात कंजूष. दोनदा स्थळं आली, दोनदा मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा ते जाळ्याची गाठ सोडवत म्हणाले, “तुले तं जाळ्यापाशी घडीभर बसवत नव्हतं, आचल. आता कोणासाठी बसून राह्यली एवढी?”

“बसले आहे खरी, बाबा.”

“मंग त्याले माहीत आहे का?”

मी खाली बसून जाळ्याचं दुसरं टोक सोडवायला घेतलं.

पुढच्या वर्षी, पाऊस सरता सरता, संस्थेनं कळवलं की नवे कॉम्प्युटर येणार. जुने आठही येत्या गुरुवारी ट्रकमधून चंद्रपूरला परत. मुली नाचल्या. मी शाळेच्या मुलीसारखी पळत स्टँडवर गेले, काळी-पिवळी पकडली आणि घरी न जाता थेट पाळीवर, त्याच्याशी बोलायच्या माझ्या जागी. रविवार नव्हता. आजवर मी त्याला स्वतः होऊन फोन केला नव्हता.

“आठ नंबर घेऊन जाऊन राह्यले,” मी म्हटलं. धाप लागली होती.

“कधी?”

“गुरुवारी.”

“उठवला तर नाई?”

“नाई.”

“उठवू नको,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

गुरुवारी सात मशीन खोक्यांत गेली. आठवं टेबलावर होतं, ओढणी पांघरून. ट्रकचा ड्रायव्हर पडवीत बसला होता. गिरजाबाई त्याला म्हणत होती, “घ्या ना भाऊ, अजून एक कप घ्या. एवढी का घाई आहे?” आणि डोळ्यांनी रस्ता बघत होती. मीही बघत होते. मूलहून आलेली एक गाडी रिकामी झाली, मग दुसरी. मनात म्हटलं, नाही येत तो. हैदराबाद का जवळ आहे? एका जुन्या मशीनसाठी कोण येतं...

मग दारात सावली पडली.

हेमराज वाळला होता. केस वाढलेले, खांद्याला तीच काळी बॅग. आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली, चिखलानं भरलेली.

“हे का झालं?” इतक्या महिन्यांनी समोर आलेल्या माणसाला मी हे विचारलं.

“सांगतो. आधी हे.”

त्यानं ओढणी काढली, नीट घडी करून माझ्या हातात दिली. आम्ही बसलो, आपापल्या जागी. मशीन सुरू झालं. त्यानं पाहुण्याला उठवलं.

चौकट उजळली. सगळं जसंच्या तसं. बाण त्यानं सोडला होता तिथेच उभा. आणि कोपऱ्यातलं घड्याळ... मार्चमधली ती दुपार, तीच तारीख, लाइट जायच्या आधीची ती वेळ. ते टिक टिक करत पुढे निघालं, जणू मधे काही झालंच नाही.

माझे डोळे भरून आले. इतके दिवस मी एकटीच त्या दुपारी अडकून पडले आहे असं वाटायचं.

“पाहा,” हेमराज हळूच म्हणाला. “याच्या हिशोबानं मी अजून गेलोच नाई.”

त्यानं बॅगेतून सीडी काढली. टूल्स. ते टाकले की घड्याळ उडी मारून आजवर येणार होतं. मी त्याचा हात धरला.

“थांब. आत्ताच नको.”

तो थांबला. त्याला थांबता येतंच.

पाळीवर पाठ केलेली सगळी लांबलचक वाक्यं मला आठवत होती. त्यातलं एकही निघालं नाही. त्या मागे राहिलेल्या घड्याळाकडे बघत मी म्हटलं, “जाऊ नको.”

त्यानं सीडी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “त्या दिवशी दारात याच्यासाठीच उभा होतो.”

“मंग विचारलं काऊन नाई?”

“विचारलं होतं. तू नाही म्हटलं.”

“मले नाई जमलं...”

“मले तरी कुठी जमलं? चौकोन रिकामा ठेवण्यापलीकडे काही जमलं नाई मले.”

“तो मी पाहिला होता. जानेवारीतच.”

त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. मग त्याचे कान लाल झाले, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो, रडतच.

“सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे मले,” तो शेवटी म्हणाला. “पण आता एकटा नाई राहत तिकडं. तू म्हटलं तर तू ये, नाई तर मी चंद्रपूरले काम पाहतो. तू ठरव.”

“बाबांले काय सांगू?”

“सांगून झालं.” त्यानं चिखलानं भरलेली पँट दाखवली. “फाट्यावर उतरून आधी तळ्यावर गेलो. म्हटलं, मुखरूभाऊ, तुमच्या आचलसाठी आलो आहे. त्यांनी मले खालीवर पाहिलं. म्हणाले, आधी जाळं ओढ.”

“ओढलं?”

“ओढलं.” त्यानं उजवा हात पुढे केला. तेच बोट, लाल, सुजलेलं. “मागूर होता.”

मी ओढणीचं टोक घेतलं आणि त्याचं बोट मुठीत दाबून धरलं. दुसऱ्या हातानं त्यानं सीडी घातली. पट्टी हळूहळू भरत गेली, पाहुणा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कोपऱ्यातल्या घड्याळानं ती मार्चमधली दुपार सोडली आणि ते एकदम आजच्या वेळेवर आलं. बाण चौकटीतून सहज बाहेर निघाला.

पडवीतून ड्रायव्हरचा आवाज आला, “मॅडम, न्यायचं का आता?”

हेमराजनं सेटिंग उघडली. ते पान, तो रिकामा चौकोन. “करू खूण?”

“कर,” मी म्हटलं. “तुले बोलवायले आता मशीन बिघडायची गरज नाई.”

थोड्याच वेळात ते मशीन खोक्यात बंद होऊन चंद्रपूरच्या वाटेला लागणार होतं. तरी त्यानं नीट नेम धरून ती खूण केली.